शुद्धीवर आला, पण धोका टळला नाही

संपादक महोदय,

गर्दच्या ओव्हरडोसमधून पेशंट शुद्धीवर आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. खरी जोखीम मात्र तिथून पुढे असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ओव्हरडोसनंतर इमर्जन्सी विभागातून घरी गेलेल्या ११,५५७ रुग्णांपैकी ६३५ जण वर्षभरात दगावले. त्यांतले १३० पहिल्याच महिन्यात आणि २९ पहिल्या दोन दिवसांत.

ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोनच्या इंजेक्शनचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. गर्दच्याच जातीतले, व्यसनाच्या उपचारातही वापरले जाणारे मेथाडोनसारखे औषध त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ अंगात राहते, त्यामुळे श्वास पुन्हा मंदावू शकतो. शिवाय नॅलोक्सोनमुळे कडक टर्की लागते, म्हणजे नशा एकदम तुटल्याचा त्रास होतो. अंग मोडून येते, उलट्या होतात आणि पेशंट सलाईन उपसून बाहेर पळतो. लगेच ओढले तरी नशा चढत नाही, म्हणून तो आणखी घेतो. इंजेक्शनचा असर ओसरला की सगळे एकदम अंगावर येते. म्हणून त्याला काही तास तरी नजरेखाली ठेवलेच पाहिजे.

व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकताच सुटलेला माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो. शरीराची सवय मोडलेली असते, हात मात्र जुन्याच मापाने घेतो. त्यात दारू, नायट्राझेपामसारखी झोपेची गोळी किंवा मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलम मिसळली आणि तो आतून कडी लावून एकटाच बसला, तर वाचवायला कुणी पोहोचत नाही.

घरच्यांनी एवढे ओळखावे: घशातली घरघर म्हणजे गाढ झोप नव्हे. हाक मारून, हलवून जाग येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर १०८ ला फोन करावा. श्वास चालत नसेल तर मान मागे करून, नाक दाबून दर पाच सेकंदांनी तोंडाने श्वास द्यावा. श्वास सुरू असेल तर कुशीवर वळवावे. लिंबूपाणी, मिठाचे पाणी मुळीच पाजू नये. ते फुप्फुसात जाते.

मॅसॅच्युसेट्समध्येच झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ओव्हरडोसनंतर गर्दची तलफ आवरणारे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ३८ टक्क्यांनी, तर मेथाडोन घेणाऱ्यांमध्ये ५९ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) ओएसटी केंद्रांवर, म्हणजे गर्दऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रांवर, ब्युप्रेनॉर्फिन मोफत मिळते. तरीही डिस्चार्ज कार्डावर त्याचा उल्लेख क्वचितच दिसतो. त्या कार्डावर जवळच्या केंद्राचा पत्ता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाण्याची वेळ लिहावी, आणि घरच्यांना नॅलोक्सोन टोचायला शिकवून दोन अँप्यूल व सिरिंज सोबत द्याव्यात, अशी आमची आरोग्य विभागाकडे मागणी आहे.

— व्यसनमुक्ती क्षेत्रातील कार्यकर्ते, मुंबई