पाम बीचवरच्या रेस थांबवायच्या तर पोरांना जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री गाड्या पळवणाऱ्या पोरांबद्दल अधूनमधून पत्रं छापून येतात आणि सगळ्यांत तेच असतं, कॅमेरे लावा, गाड्या जप्त करा, बापाला बोलवा. मी नेरूळला राहते, रात्री साडेबाराला तो आवाज आमच्या बेडरूमपर्यंत येतो, त्यामुळे लोकांचा संताप मला कळतो. पण मी त्यातल्याच एका पोराची आई आहे म्हणून हे लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा १९ चा होता. मित्राच्या गाडीत मागे बसलेला, गाडी डिव्हायडरला घासून गरागरा फिरली, मित्राचा पाय मांडीत मोडला आणि ह्याच्या खांद्याला सहा टाके. पहाटे चारला हॉस्पिटलच्या बाकावर मी त्याच्या शेजारी बसले होते आणि एक शब्द बोलले नाही. वेगाची हौस ओरडून जात नाही हे मला माहीत होतं, माझ्या वडिलांना पण तीच होती.

वडिलांची १९८३ची प्रीमियर पद्मिनी ठाण्याला पाचपाखाडीत बिल्डिंगच्या मागे नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला, आमच्या घरात तिला पद्मिनी कोणी म्हटलंच नाही, फियाटच. भंगारवाला १८ हजार देत होता. मी ती टोइंगवर घालून नेरूळला आणली, रो-हाऊसच्या पुढच्या शेडमध्ये लावली आणि मुलाला म्हटलं, ही तुझी, पण रस्त्यावर नाही, ट्रॅकवर पळवायची, आणि बनवायची पण तूच.

ओळखीचे सांगत होते की रिस्टोअर करून विंटेजचा नंबर घ्या. पण २०२१ मध्ये आलेल्या नियमात गाडी ५० वर्षांच्या वरची लागते आणि मूळ रूपातच लागते, आमची दोन्हीत बसत नाही. मोठे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही हा कायदा मला पटतो, म्हणून आम्ही तिचं रजिस्ट्रेशन रद्द करून घेतलं. आता ती घराबाहेर पडेल ती ट्रकवर चढूनच.

पहिल्या दिवशी मुलाने ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खाली शेडची लादी दिसली, पत्रा बोटाने तुटत होता. खाडीची हवा आणि नऊ पावसाळे. तीन महिने नुसतं कापणं, नवीन पत्रा बसवणं, वेल्डिंग, परत घासणं. मग इंजिन. एका गॅरेजवाल्याकडे ब्लॉक बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करायला दिला, त्याने पिस्टनचं क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, इतकं टाइट ठेवलं की चालू केल्यावर चाळीस मिनिटांत इंजिन जाम. पैसे गेले ते गेले, पण त्यानंतर मुलाने फट मोजायच्या पात्यांचा फीलर गेज विकत आणला आणि रबाळे एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांच्या शेजारी उभं राहून प्रत्येक सिलिंडर स्वतः मोजून घेतला. हा तोच मुलगा जो बारावीत वर्नियर कॅलिपरचं प्रॅक्टिकल बुडवून सिनेमाला गेला होता.

रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणाऱ्या पाइपच्या सांगाड्याच्या वेळी फॅब्रिकेशनवाला म्हणाला मॅडम गेटच्या पाइपचा करून देतो, निम्म्यात होईल. मुलानेच नाही सांगितलं. गाडी उलटली तर जोड असलेला पाइप जोडावर उघडतो, सीमलेसच पाहिजे, आणि तो पत्र्याला नुसता चिकटवून चालत नाही, खाली जाड प्लेट टाकून वजन वाटून द्यावं लागतं. हे तो मला समजावत होता आणि मला त्या हॉस्पिटलचा बाक आठवत होता.

ब्रेकवर मात्र माझाच हट्ट. चारही चाकांना ड्रम, ट्रॅकवर लागोपाठ जोरात दाबले की ड्रम तापून पसरतो आणि लायनरची पकड सुटते, म्हणून पुढे डिस्क बसवले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, साधं डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत टिकायला हवं पण ओल धरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत उतरतो, मग ऑइल उकळतं आणि पेडल सरळ जमिनीला. त्यामुळे डॉट ४ घातलं आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात ते बदलत राहायचं हे ठरवूनच टाकलं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची तर दोन माणसं लागतात. रविवारी दुपारी मी सीटवर आणि तो चाकापाशी आडवा, नळी बिसलेरीच्या बाटलीत सोडलेली, आई दाब, धरून ठेव, सोड, परत दाब. ह्याच पेडलवर वडिलांनी मला गाडी शिकवली होती. बाटलीतले बुडबुडे थांबेपर्यंत आम्ही दोघं दुसरं काहीच बोललो नाही आणि इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

ह्या दोन वर्षांत तो एकदाही पाम बीचला गेलेला नाही. मी अडवलं म्हणून नाही, ब्रेक तापले की काय होतं हे त्याने हाताने बघितलंय म्हणून. आता त्याचे तीन मित्र पण शेडमध्ये येतात, त्यातला एक तोच, ज्याचा पाय मोडला होता.

पण गाडी पळवायची कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट जिथे २०११ ला फॉर्म्युला वन झालं. ह्यांतलं कुठेही जा, इथून हजार किलोमीटरच्या वर, गाडी ट्रकवर, जाऊन-येऊन आठवडा. तसा ट्रॅक इथे बांधा असं मी म्हणत नाहीच. ऑटोक्रॉस नावाच्या छोट्या रेसला एक मोकळं डांबरी पटांगण पुरतं, प्लास्टिकचे शंकू ठेवून रस्ता आखायचा, एका वेळी एकच गाडी, लढत घड्याळाशी, वळणं इतकी की बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच जातो. चेन्नईजवळ शोलावरमला जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं रेस झाल्या आणि तिथे ह्याच फियाट पळायच्या, वडील त्याच्या गोष्टी सांगायचे.

सिडको आणि महापालिकेला माझी विनंती आहे की ट्रक टर्मिनल किंवा मोठ्या पार्किंगचं एखादं पटांगण महिन्यातून एका रविवारी सकाळी सहा ते दहा द्या. भाडं घ्या, हेल्मेट, फायर एक्स्टिंग्विशर आणि गाडीची तपासणी सक्तीची करा, अॅम्ब्युलन्सचे पैसे आम्ही पालक भरू, आवाजाची मर्यादा ठेवा ती पण पाळू. ह्याच विषयाचा माझा अर्ज एका ऑफिसात सात महिने पडून आहे, मध्ये चौकशीला गेले तर म्हणाले मॅडम हे श्रीमंतांचे शौक. मी बँकेत क्लार्क आहे. गाडीला आत्तापर्यंत १ लाख ८० हजार लागले, ते दोन वर्षांत थोडे थोडे करून, आणि त्यातले निम्मे मुलाने शिकवण्या घेऊन कमावलेत.

दिवाळीपर्यंत गाडी तयार होईल. फक्त वायरिंग आणि सीटबेल्टचे पॉइंट बाकी आहेत. चेन्नईच्या ट्रकचे पैसे अजून जमलेले नाहीत.

आपली,
एक वाचक, नेरूळ