मावशी, हातोडी माझ्याकडेच राहिली

मावशी, नमस्कार.

वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर पौर्णिमेच्या ओहोटीला तुमच्या कालवं फोडायच्या कामात लुडबूड करून बोट कापून घेणारी चष्मेवाली मुलगी, ती मी. तुमचा नंबर घ्यायचा राहिला, म्हणून हे असं जगजाहीर पत्र. तुमची नात दिवसभर मोबाईलवर वाचत असते म्हणालात, तिच्या नजरेस पडलं तर ती वाचून दाखवेल.

'माकडांचं शिकून पोट भरतं का गो?' असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरं तर त्या दिवशी मी रडकुंडीला आले होते. एमेस्सीच्या प्रकल्पासाठी माझ्याकडे थायलंडच्या माकडांचे व्हिडिओ होते. ही लांब शेपटीची माकडं तिकडच्या बेटांवर ओहोटीला खडकांत उतरतात आणि दगडानं कालवं फोडून खातात. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरून एका इंग्रजानं हे १८८७ सालीच लिहून ठेवलं होतं. पुढे त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २००४च्या त्सुनामीनंतर पाहणीला गेलेल्या संशोधकांना ते पुन्हा दिसलं. खडकाला चिकटलेल्या कालवाला माकडं दगडाचं टोक वापरतात आणि सुटा शंख फोडायला मोठ्या दगडाची सपाट बाजू. मला फक्त घाव मोजायचे होते. तीन आठवडे मोजले. एखादी माकडीण दोन-चार घावांत मोकळी, दुसरी मारतेय मारतेय आणि कालव तसंच. का, ते काही केल्या कळेना.

म्हणून तुमच्याकडे आले, आणि पहिल्याच घावाला शिंपल्याची कड बोटात घुसवून घेतली. तुम्ही बटव्यातली तंबाखू चिमटीनं दाबून बसवलीत. (डॉक्टर मंडळींनी हे वाक्य वाचू नये.) मग म्हणालात, 'जोर कशाला करतेस? त्याचं तोंड बघ आधी.'

तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तोवर माझं सगळं लक्ष हातोडीवर. डाव्या अंगठ्यानं तुम्ही शेवाळ पुसलंत, कालवाची कड चाचपलीत, हातोडीचं टोक हलकेच टेकवून 'टक' केलंत आणि पुढे सरकलात. 'हे पोकळ हाय.' दुसऱ्यावर पुन्हा टक. या वेळी आवाज भरीव. मग बिजागरीपाशी एकच घाव, तोही मनगटातल्या मनगटात, आणि झाकण उडालं. आतलं कालव त्याच टोकानं उचलून पाण्यासकट डब्यात.

घरी येऊन व्हिडिओ पुन्हा लावले. दोन घावांमधला जो वेळ मी 'काम नाही' म्हणून कापून टाकला होता, तिथंच सगळं होतं: थांबणं, वाकून बघणं, हातातला दगड फिरवून घेणं. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं कठीण ताडफळं फोडतात, त्यांचंही असंच. जेमतेम चार किलोचा नर किलोभराचा दगड दोन्ही हातांनी उचलतो, पण त्याआधी फळ खडकाच्या खळग्यात डुगडुगणार नाही असं बसवतो. कुठला दगड जड ते नुसतं बघून कळेना झालं तर बोटांनी ठोकून बघतो. एका घावानं फळाला चीर गेली की पुढचा घाव हलका. तुमच्या 'टक'शिवाय हे सगळं मी वाचूनही न वाचल्यासारखंच होतं.

बर्नस्टाइन नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात मॉस्कोत छिन्नी-हातोडीच्या कामगारांचे हात चित्रित केले होते. कसबी माणसाचा हात दर घावाला थोडा वेगळ्या वाटेनं जातो, हातोडीचं टोक मात्र नेमकं तिथंच पडतं. तुम्ही तर हलत्या पाण्यात, निसरड्या खडकावर, कासोटा सावरत आणि माझ्या फालतू प्रश्नांना उत्तरं देत हेच करत होतात.

अजून एक. फोनवर तुम्हाला माकडीण दाखवली तर तिच्या दगडाकडे तुम्ही बघितलंही नाहीत. 'पोर कुठंय तिचं?' एवढंच विचारलंत. फ्रेमच्या कोपऱ्यात होतं हो ते! आईनं टाकलेला रिकामा शिंपला चाटत, मग गोट्याएवढा दगड घेऊन उगाचच खडकावर आपटत. पिल्लांची काही वर्षं अशीच आईच्या आगेमागे जातात, तेव्हा कुठे नीट फोडता येतं. तुम्ही कधी शिकलात विचारलं तर म्हणालात, 'शिकवतंय कोण? आयच्या पाठी पाठी.' माझ्या तक्त्यात आता पिल्लांसाठी वेगळा रकाना आहे. कॉलेजातल्या बाईंनी विचारलं, हे कुणी सुचवलं? मी तुमचं सांगितलं. त्या हसल्या, पण रकाना राहू दिला.

बोट बरं आहे. तुमची ती जुनी हातोडी मात्र गडबडीत माझ्या पिशवीत आली. आईनं घासून ठेवलीय, गंज गेलाय, पण टोकाला हात लावू दिलेला नाही. अमावास्येच्या ओहोटीला घेऊन येते. या वेळी हातमोजे घालून.

तुमची,
चष्मेवाली