काकांच्या वारली चित्राबद्दल

पुणे,
12 जुलै

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले. तुझा मुख्य प्रश्न आधी निकालात काढतो: चित्र जिव्या सोमा मशे यांचं नाही. विकणाऱ्याने काकांच्या गळ्यात ते नाव मारलं, यात नवल नाही. वारली म्हटलं की डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमाच लोकांना आठवतात. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. तेव्हापासून ज्याला-त्याला आपल्या घरात त्यांचं चित्र असावंसं वाटतं. त्यांची रेघ अतिशय बारीक आणि न अडखळणारी. इथे त्रिकोणांच्या कडा थबकत गेल्यात आणि माणसांना चक्क नाक-डोळे आहेत.

पाठीमागे हार्डबोर्ड दिसतोय. पुढचा गेरू रंग सपाट, एकसारखा. शेणाचा हात फिरवलेला असता तर काड्या-तुसं दिसली असती. पांढराही पिठाचा नाही. तू बॅटरी तिरपी धरून काढलेल्या फोटोत ब्रशचे उंचवटे चमकतात, म्हणजे ॲक्रिलिक. हा दोष मात्र मानू नकोस. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात तो तांदळाच्या पिठाने. पण सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी या लोकांच्या हाती कागद दिला, तेव्हापासून साधनं बदलत गेली.

दोन डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी! मी एकटाच मोठ्याने हसलो. एलिमेंटरीच्या परीक्षेला आपण आणखी काय काढलं होतं? तारपा नाच तर सरळ कुठल्या तरी साडीच्या पदरावरून उचललाय. तारपकरी, म्हणजे तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा, नाचणाऱ्यांच्या वेटोळ्याच्या बाहेर, एका कडेला उभा. नाच त्याच्याभोवती गुंफला जातो, हे चित्रकाराच्या गावीही नाही.

पण उजवा खालचा कोपरा बघ. भातलावणीच्या सात बायका. पाठीवर इरली, हातात रोपांच्या मुठी. लावणी मागे-मागे सरकत करतात, त्यामुळे लावलेलं रान बाईच्या पुढे राहतं आणि मोकळा चिखल पाठीशी. इथे तस्संच आहे. नक्कल करणारे हे हमखास उलटं काढतात. कडेची एक बाई कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिलीय. रांगेतली तिची जागा रिकामी आणि रोपांची ओळही तिथे तुटलेली. हे पाहून काढलंय, कदाचित स्वतः वाकून. नाक-डोळ्यांवरून माणूस वारली घरातला वाटत नाही. बांधावर वाढलेला, सुटीत ब्रश धरणारा कुणी हौशी असावा. मास्तर असेल, असं उगाच वाटतं.

किंमत विचारशील तर मी फ्रेमसकट दोन हजारांच्या वर जाणार नाही. त्यातले निम्मे फ्रेमचे. 'ओरिजिनल जिव्या सोमा' म्हणून कुणाला विकायला मात्र जाऊ नकोस. वस्तू दोन हजारांची आणि बदनामी जन्माची. मला विचारशील तर ठेव. विकायचंच ठरलं तर आधी मला विचार. तो कोपरा मला हवाय, डोंगर-सूर्यासकट घ्यावा लागला तरी चालेल.

एक काम तातडीने कर. काच थेट रंगाला चिकटलीय. पावसाळ्यात ओल धरली की पांढरा रंग काचेबरोबर निघून येईल. फ्रेमवाल्याकडून मध्ये जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालून घे, आणि काच काढताना स्वतः समोर उभा राहा.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश