सान अगुस्तिनच्या दारातल्या फुलवाल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. फिलिपिन्समधल्या मनिलाच्या इंत्रामुरोसमध्ये, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, सान अगुस्तिन चर्चच्या दाराशी तुम्ही सांपागिताच्या माळा विकता, एवढाच तुमचा पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. तरी मराठीतच लिहितेय, कारण ज्यांच्यासमोर तुमचे आभार मानायचे आहेत ती माणसं मराठी वाचणारी आहेत. आमच्या वसईची कितीतरी मुलं बोटीवर नोकरीला आहेत आणि तुमच्या देशाची माणसं नाहीत अशी बोट सापडणं कठीण. त्यांतलं कुणी मनिलाला उतरलं तर तुमच्याकडून माळ घेईल आणि हे तुम्हाला समजावून सांगेल, अशी आशा आहे.

आधी आभार मानते, बाकीचं नंतर. माझ्या आईला तुम्ही ज्या जागी नेऊन उभं केलंत ती जागा तिने आयुष्यभर मनात धरली होती. आणि ज्यांना आम्ही त्यासाठी रोख पैसे मोजले होते त्यांनी तिला ऐन दारात 'नाही' म्हटलं होतं.

त्या दिवशी तुम्हाला घाईघाईत, तोडक्यामोडक्या इंग्रजीत जे सांगितलं ते इथे नीट सांगते. आम्ही वसईजवळच्या गासचे. आमच्या गावचं चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं आहे. ते वसईतच जन्मले, साधारण १५५७ साली. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणातली. लहान वयातच येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे काही काळ व्यापार केला आणि मग मनिलाला येऊन फ्रान्सिस्कन मठात ब्रदर झाले. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू मनिलाच्या गव्हर्नरचे दूत म्हणून जपानला निघाले तेव्हा त्यांनी दुभाषा म्हणून गोन्सालोंना सोबत नेलं. तिथून ते परतले नाहीत. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांबरोबर त्यांना क्रुसावर चढवलं. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

आमच्या घरातल्या आल्तारावर येशूच्या पवित्र हृदयाशेजारी त्यांची तसबीर आहे. आई त्यांच्याशी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावं तशी बोलते. माझा भाऊ बोटीवर असतो. वादळाची बातमी आली की ती तसबिरीसमोर उभी राहून म्हणते, 'तुम्ही समुद्र पाहिलाय, पोराकडे लक्ष ठेवा.' वसईचा एक पोरगा चारशे वर्षांपूर्वी एवढं पाणी ओलांडून कुठे राहिला, कुठल्या रस्त्याने चालला, हे एकदा बघायचं एवढंच तिला हवं होतं. खरेदी नको, समुद्रकिनारे नकोत.

सहल ठरवताना आम्ही हे स्पष्ट सांगितलं होतं. 'काकू, इंत्रामुरोस आहेच आपल्या यादीत, तुमच्या संतांची जागा दाखवतो की,' असं तोंडभर आश्वासन मिळालं. प्रत्यक्षात सान अगुस्तिनच्या दाराशी बस थांबली आणि सहलीबरोबरच्या माणसाने हातातल्या कागदाकडे बघत सांगितलं, 'फ्रान्सिस्कन चर्च लढाईत गेलं. तिथे आता कॉलेज आहे. काहीच नाही तर काय बघणार? उगाच सगळ्यांचा वेळ जाईल.' आईने विचारलं, 'लांबून तरी दाखवा.' तो म्हणाला, 'काकू, समजून घ्या ना.' बसमधली दोन-चार माणसं घड्याळं बघू लागली. मला राग त्या 'काहीच नाही'चा आला. आमच्या वसईच्या किल्ल्यातही छप्पर असलेलं फारसं काही उरलेलं नाही. फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत, त्यांच्यावर झाडं वाढली आहेत. तरी लोक तिथे जातात, मेणबत्त्या लावतात. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई समुद्रापलीकडून येऊन एक जागा बघायची म्हणते, तिला ती दाखवायला दगड शिल्लक असावे लागतात का?

आई कुणाशी भांडत नाही. ती दाराजवळच्या दगडी सिंहांपाशी पायरीवर बसली आणि म्हणाली, 'तुम्ही जा आत, मी बसते इथे.' तेवढ्यात तुम्ही आलात. मला वाटलं माळ घ्या म्हणाल. तुम्ही माळ विकायला आला नव्हतात. आईकडे बघून मला विचारलंत, 'नानाय का रडते?' नानाय म्हणजे तुमच्या भाषेत आई. ती रडतेय हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मी सांगायला सुरुवात केली. फ्रान्सिस्कन म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर लगेच ओळख दिसली. 'सान फ्रान्सिस्को, मापुआ,' असं म्हणत तुम्ही हाताने दिशा दाखवलीत. नुसती दिशा दाखवली असतीत तरी पुष्कळ होतं. तुम्ही माळांची टोपली शेजारच्या बाईंकडे सरकवलीत, छत्री उघडलीत आणि आईचा दंड धरलात. चर्चमध्ये लग्न होतं, वऱ्हाडाच्या गाड्या यायला लागल्या होत्या. म्हणजे तुमच्या विक्रीची ती खरी वेळ होती. हे मला तेव्हाही दिसत होतं आणि अजून डोक्यातून जात नाही.

मे महिन्यातलं ऊन. छत्री एकच, ती पूर्ण वेळ आईच्या डोक्यावर. तुम्ही आईच्या चालीने चाललात, एकदाही पुढे गेला नाहीत. वाटेत हातातली एक माळ आईच्या मनगटाला गुंडाळलीत. आईने वास घेतला आणि पहिल्यांदा हसली. 'अगं, हा तर आपला मोगरा!' तुमच्या देशाचं हे राष्ट्रीय फूल, तुम्ही ते देवाच्या मूर्तींना घालता, जीपनीच्या, म्हणजे तुमच्याकडच्या प्रवासी गाड्यांच्या, आरशाला टांगता. आमच्याकडे त्याचे गजरे होतात. वसईच्या बायका पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईला जातात, हे आईने तुम्हाला मराठीतच सांगितलं आणि तुम्ही मान डोलावलीत.

मग ते मापुआ विद्यापीठ आलं. कुंपण, विद्यार्थ्यांची ये-जा, रस्त्यावर वाहनं. १९४५ च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत इंत्रामुरोस जमीनदोस्त झालं, आतल्या सात चर्चांपैकी सान अगुस्तिन तेवढं उभं राहिलं. सान फ्रान्सिस्को या फ्रान्सिस्कन चर्चच्या जागी पुढे मापुआ उभं राहिलं. सहलवाल्याने सांगितलं ते शब्दाला शब्द खरं होतं. पण तुम्ही बोट दाखवून 'इथे' म्हणालात, आणि आईला तेवढंच हवं होतं.

तिने चपला काढल्या. पवित्र जागी पायात चपला नकोत, ही तिची जुनी सवय. पदपथ तव्यासारखा तापलेला. मी 'आई, नको' म्हणेपर्यंत तिने पाय खाली टेकवला होता आणि चटका बसून उचललाही होता. तुमच्या मानेवर घाम टिपायचा छोटा पांढरा टॉवेल होता, धुऊन धुऊन विरलेला, कडेला निळी रेघ. तो तुम्ही काढलात. दोनदा घडी घातलीत. खाली अंथरलात. वरून तळहात दाबून ठेवलात, चटका वर येतो का बघायला. बहुतेक येत होता, कारण तुम्ही टॉवेल उचलून आणखी एक घडी घातलीत आणि पुन्हा हात दाबलात. मग खाली बसून आईचा एक पाय हाताने उचलून त्यावर ठेवलात, नंतर दुसरा. टॉवेल एवढासा, पावलं जेमतेम मावली.

ताई, आमच्याकडे परक्या माणसाने कुणाच्या पायाला असा हात लावणं ही साधी गोष्ट नाही. आई संकोचून माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही मात्र उठून छत्री तिच्या डोक्यावर धरलीत आणि गप्प उभ्या राहिलात.

आईने डोळे मिटून 'नमो मरिया' सुरू केलं. गावात जपमाळेला म्हणतात तसं, अर्धं म्हणून ती थांबली. उरलेलं अर्धं समोरच्याने म्हणायचं असतं. मी तोंड उघडायच्या आत ते तुम्ही म्हणालात, तुमच्या तागालोगमध्ये. पुढची नमो मरिया आईने सुरू केली, पुन्हा उत्तरार्ध तुम्ही घेतलात. जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा नमो मरिया, तुम्ही दोघींनी तसं पुरं केलंत. विद्यार्थी बाजूने वळसा घालून जात होते. कुणी हसलं नाही, कुणी हटकलं नाही.

निघताना आईने चपला घातल्या. तुम्ही टॉवेल उचललात, एकदा झटकलात आणि परत आपल्या मानेवर टाकलात. हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. पायाखालचं फडकं तुम्ही मानेवर टाकलंत, आणि टाकताना एक क्षणही थांबला नाहीत. आई ते बघून जागीच थांबली. तुमचे दोन्ही हात धरून कपाळाला लावायला गेली, तर तुम्हीच तिचा हात ओढून आपल्या कपाळाला टेकवलात, तुमच्याकडे मोठ्यांचा आशीर्वाद घेतात तसा.

मी पैसे काढले तर तुम्ही रागावलात. माळेचेही घेतले नाहीत. परत येऊन टोपलीपाशी बसलात. वऱ्हाड तोवर आत गेलं होतं, विक्री झाली ती शेजारच्या बाईंची.

आई नंतर सान अगुस्तिनमध्येही गेली. लग्न उरकल्यावर आम्हाला थोडा वेळ आत बसता आलं. छताकडे तिने बराच वेळ बघितलं. दगडात कोरल्यासारखी वाटणारी ती नक्षी छतावर नुसती रंगवलेली आहे, १८७५ साली दोन इटालियन चित्रकारांनी रंगवली. डावीकडचा मनोरा भूकंपात गेला, त्याची जागा अजून रिकामीच दिसते. पण आईला मी वेगळीच गोष्ट सांगितली. हे दगडी चर्च १६०७ साली पूर्ण झालं, बांधकाम त्याच्या वीसेक वर्षं आधी सुरू झालं होतं. म्हणजे गोन्सालो मनिलाला होते तेव्हा याच भिंती चढत होत्या. हे कळल्यावर ती उठून भिंतीपाशी गेली आणि माळ बांधलेला हात भिंतीला लावून उभी राहिली.

ज्याला आम्ही पैसे दिले त्याने वेळेचा हिशेब दाखवला, आणि जिचं पोट त्या वेळेवर होतं तिने तो हिशेब केलाच नाही. त्या सहलवाल्याबद्दल मला आणखी काही म्हणायचं नाही. त्याच्याकडे बस होती, माईक होता, यादी होती. दहा मिनिटं चालून यायची इच्छा नव्हती.

तुमच्यासारखी माणसं आम्ही आमच्याकडेही पाहिली आहेत. २६ जुलै २००५ ला मुंबई पाण्याखाली गेली तेव्हा अनोळखी माणसांनी दारं उघडी ठेवली, रात्रभर रस्त्याने चालणाऱ्यांना चहा-बिस्किटं दिली, ओल्या बायकांना घरातल्या साड्या दिल्या. त्यांची नावं कुणाकडे नाहीत. त्यांनी काय दिलं ते मात्र ज्यांना मिळालं त्यांना अजून सांगता येतं, अगदी साडीच्या रंगासकट. चांगुलपणावर मोठमोठी भाषणं होतात, पण चांगलं माणूस ओळखायची माझी खूण आता एकच आहे: समोरच्याचा पाय भाजतोय हे कुणाला आधी दिसतं. तुम्हाला माझ्याआधी दिसलं, आणि मी तिची मुलगी आहे.

मनिलाला जाणाऱ्या मराठी माणसांना माझं एवढंच सांगणं आहे. सान अगुस्तिनला जा, छत बघा, वस्तुसंग्रहालय बघा, मनिलात स्पॅनिश राजवट आणणाऱ्या लेगास्पीची समाधी बघा. आणि दाराबाहेर माळा विकणाऱ्या बायकांकडून माळ घ्या, भाव करू नका. त्यांतली एक पन्नाशीची, ठेंगणी, मानेवर पांढरा टॉवेल टाकलेली दिसली तर गासच्या काकूंनी आठवण काढली म्हणून सांगा.

ताई, आईने येत्या ५ फेब्रुवारीला आमच्या चर्चमध्ये तुमच्यासाठी मिस्सा लावली आहे. चिठ्ठीवर नाव काय लिहायचं, असं फादरांनी विचारलं. तिने 'मनिलाच्या फुलवाल्या ताई आणि त्यांचं कुटुंब' असं लिहून दिलं आहे.

तुमची,
गासच्या नानायची मुलगी