तारेला लावलेली बिलं

नारायण पेठ, पुणे
९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी बसमध्ये बसल्यापासून तुला फोन करायचं मनात आहे. स्वारगेटला बस बदलताना एकदा नंबर लावला आणि कापला, घरी आल्यावर परत एकदा. फोनवर मी पुन्हा तेच बोलले असते, म्हणून लिहायला बसले. मोबाइलवर एवढं टाइप करणं मला जमत नाही. चिनूला वाचून दाखवू नकोस.

आधी हे, की तू ताटावरून उठलास ती चूक माझी. जेवणाऱ्या माणसाला बोलू नये असं मी जन्मभर इतरांना सांगत आले आणि स्वातीसमोर, पोरीसमोर तुला बोलले. ताटात वरणभात तसाच राहिला होता. स्वाती काही म्हणाली नाही, तिने फक्त ताट उचललं. ते मला जास्त लागलं.

पण सहकारनगरच्या बाईंचा फोन माझ्याकडे आला होता रे. त्यांना तुझं नाव मीच सुचवलं होतं. ऑगस्टमध्ये तू विकतोस ती घरघंटी घेऊन गेलास, डेमो दाखवलास, त्यांना पीठ आवडलं. पितृपक्षात नवी वस्तू नको, घट बसले की फोन करा, असं त्या तुला म्हणाल्या. सर्वपित्री २१ सप्टेंबरला झाली, २२ ला घट बसले, २ तारखेला दसरा. तुझा फोन काही गेला नाही. त्यांनी मुहूर्त धरून दुसरीकडून घेतली. रागावल्या नव्हत्या. 'आम्ही वाट पाहिली हो,' एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मी तुला इतकं बोलले नसते बहुतेक.

आणि मग तू खिशातून ती चिठ्ठी काढलीस. वीजबिलाच्या पाठीमागे लिहिलेली, घडीवर फाटत आलेली. 'सहकारनगर, घटानंतर.' नंबर बरोबर, अक्षर सुरेख. म्हणजे तू विसरला नव्हतास. दोन महिने ती चिठ्ठी एका शर्टातून दुसऱ्या शर्टात घालून फिरत होतास. तुला वाटलं मी विसरभोळेपणावर चिडले. मी त्या चिठ्ठीला घाबरले.

छापखान्यातली तार तुला आठवते का? लाकडी ठोकळ्यात उभी ठोकलेली, बाबांच्या टेबलावर उजव्या हाताला. बिल केलं की ते तारेत खोचायचे आणि त्यांच्या लेखी काम संपायचं. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवताना रात्रीचे दोन वाजले तरी एक काना-मात्रा इकडची तिकडे होऊ द्यायचे नाहीत, लग्नपत्रिकेतल्या मुहूर्ताचं प्रूफ तीनदा वाचायचे, आणि पैसे मागायला मात्र पाऊल उचलायचं नाही. 'देतील की, ओळखीचे आहेत.' ते गेल्यावर ती तार मी रिकामी केली. सगळ्यांत खालची बिलं १९८७ ची होती. गंज लागून प्रत्येक बिलाच्या मधोमध तपकिरी भोक पडलं होतं. ती माणसं वाईट नव्हती, अमोल. त्यातले दोघे तर बाबांच्या दहाव्याला आले होते. त्यांच्याकडे कोणी मागितलंच नव्हतं.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. जाऊ दे.

मी साड्या सुरू केल्या १९८८ साली, तू तिसरीत असताना. रविवार पेठेत कापडगंजातून आठ-दहा साड्या आणायच्या आणि ओळखीच्या घरी दाखवायच्या, पैसे हप्त्याने. आपल्याकडे फोन नव्हता. खालच्या काकूंचा नंबर पी.पी. म्हणून द्यायचे आणि त्यांनी जिन्यातून हाक मारली की पदराला हात पुसत धावायचे. १९९२ ला आपला फोन आला तेव्हा तू डायल फिरवून फिरवून बोट लाल करून घेतलं होतंस. पुढे लोकांकडे मोबाइल आले तरी मी घरचाच नंबर मागून घ्यायची, कारण २००३ पर्यंत आलेल्या फोनचेही पैसे पडायचे आणि बायका दोन वाक्यांत ठेवून द्यायच्या.

माझी सगळी पद्धत कालनिर्णयच्या चौकोनात मावायची. तूच विचारायचास, आई, दुधाचा खाडा कुठला आणि गिऱ्हाईक कुठलं? खाड्याला फुली, गिऱ्हाइकाला नावाचं पहिलं अक्षर. पेन्सिलीनेच, कारण तारीख हलते. कोणी म्हणालं पगार झाल्यावर या, तर पगार कोणत्या तारखेला हे तिथल्या तिथे विचारायचं आणि घरी येऊन चप्पल काढायच्या आधी चौकोनात लिहायचं. 'नंतर', 'बघू', 'सणानंतर' हे शब्द मी कधी लिहिले नाहीत. त्यांना चौकोनच नसतो.

एका चौकोनाबद्दल मात्र तुला कधी सांगितलं नव्हतं. १९९४ सालचा. पर्वतीच्या एका शिक्षिकाबाईंकडे माझे ३४० रुपये राहिले होते. आधीच्या वेळी त्यांच्या यजमानांनी दारातूनच, पुन्हा घरी यायचं नाही, असं सुनावलं होतं. मी जिन्यात बसून रडले होते, पिशवी मांडीवर घेऊन. त्यानंतर त्यांचं अक्षर मी पुढच्या आठवड्यात ढकलायची, मग त्याच्या पुढच्या. रबर फिरवून फिरवून कागद पातळ झाला, मागच्या पानावरचं राशिभविष्य दिसायला लागलं. शेवटी गेले तेव्हा बाईंनी देव्हाऱ्यामागून पाकीट काढलं. पैसे दोन महिने बाजूला ठेवलेले होते, वर माझं नाव. मला म्हणाल्या, 'तुम्ही यायच्याच बंद झालात, मला वाटलं रागावलात.' त्यांच्याच लेकीच्या लग्नात पुढे माझ्याकडून अकरा साड्या गेल्या.

म्हणून मला चिठ्ठी कळते. नंबर लावायला बोट उचलत नाही, त्याला आळस म्हणत नाहीत. तू आळशी असतास तर मी निर्धास्त असते, आळशाला कसं हलवायचं ते मला येतं. तू समोरून 'नाही' ऐकायचं टाळतोस. नोकरी गेली त्या वर्षी तू किती जणांचे 'नाही' ऐकलेस ते मी पाहिलंय. ते अजून तुझ्या कानात आहे. बाबांच्याही होतं काहीतरी, त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता मी काय केलं असतं ते लिहिते. भाषण वाटलं तर अर्ध्यावर सोड.

एकच वही कर. चिठ्ठ्या, बिलांच्या पाठी, चिनूच्या वह्यांची शेवटची पानं, सगळं बंद. आप्पा बळवंत चौकातून एक पान एक दिवस अशी डायरी आण, नाहीतर मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ठेव, पण जागा एकच. ज्या नावापुढे पुढची तारीख नाही ते नाव वहीत राहता कामा नये. तारीख तरी घाल, नाहीतर काट मार. फोन ठेवलास की पुढची तारीख लिहून मगच दुसरा फोन. आणि बाई काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिही. 'सासूबाईंना डॉक्टरांनी बाजरीची भाकरी सांगितली आहे' असं लिहिलेलं असलं की पुढच्या फोनला 'घ्यायचा विचार झाला का?' असं कोरडं विचारावं लागत नाही. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं, लागेल तेवढंच घरी दळलेलं बरं, इथून बोलणं सुरू होतं. कोणी विजेचं विचारलं तर एक एचपीची मोटर तासाला साधारण पाऊण युनिट घेते, हे तुझ्या तोंडावर हवं. परवा तू 'बघून सांगतो' म्हणालास आणि ते सांगणंही राहिलं असणार. चुकत असेन तर माफ कर.

वेळ पाहा. पुण्यात दुपारी एक ते चार कोणाला फोन करू नकोस, ते पाप आहे. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं, त्या सकाळीही नको, बाईचा एक हात बादलीवर असतो. रात्री नऊनंतर अजिबात नाही. कोणी म्हणालं पुन्हा फोन नको, तर 'बरं' म्हणून काट मार आणि आभार मान. जाहिरातीचे फोन नकोत म्हणून लोकांनी १९०९ या नंबरवर नोंद केलेली असते, अनोळखी नंबरांची यादी कोणी विकत देऊ केली तर हात लावू नकोस. ज्यांनी स्वतः तुला नंबर दिलाय तेवढेच आपले.

आणि तीनदा तारीख हललेल्या माणसाला सरळ म्हण, 'ताई, नको असेल तर नको म्हणा, मला वाईट वाटणार नाही.' मी हे फार उशिरा शिकले. त्यांनाही 'नाही' म्हणायची लाज वाटत असते, म्हणून त्या तारखा देत बसतात. निम्म्या मोकळ्या होऊन नाही म्हणतात. उरलेल्या त्याच फोनवर किंमत विचारतात.

स्वातीने मला ते व्हॉट्सॲप बिझनेस दाखवलं. रंगीत लेबलं लावता येतात, नवीन गिऱ्हाईक वेगळं, पैसे यायचे बाकी वेगळं. चांगलं आहे, वापर. पण दसऱ्याला तू ऑफरचा मेसेज ब्रॉडकास्ट केलास आणि सगळ्यांना कळवलं असं समजलास, ते बरोबर नाही. ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. सहकारनगरच्या बाईंनी केलेला नव्हता. मी विचारलं.

पाहिलंस, परत तिथेच आले.

सव्वा वर्षात एकेचाळीस मशीन गेली तुझी. मी मोजते. तू डेमो देताना मी सहकारनगरला कोपऱ्यात बसले होते. गव्हाची जाळी काढून बेसनाची घालताना तू आधी ब्रशने कडेचं पीठ झटकलंस, ते हातावर घेऊन बाईंना दाखवलंस आणि फरशीवर सांडलेलं स्वतः पुसून घेतलंस. खिळ्यांवरची शाई बाबा असेच पुसायचे. आपला मुलगा आपल्या देखत काम करतोय आणि ते चांगलं करतोय, हे पाहून मला तिथे बसल्या बसल्या फार भरून आलं. तेव्हा बोलले नाही. घरी येऊन पोळीला तूप कमी लावतोस म्हणून बोलले.

मशीन घेतलेल्या एकेचाळीस जणींनाही वहीत घे. मशीन गेल्यावर आठव्या दिवशी एक फोन, काही विकायचं नसताना. जाळी बदलता येते ना, दळण ओलसर तर घालत नाही ना, आवाज वाढला का. त्यांच्याकडूनच पुढची नावं येतात. माझ्याकडे कापडगंजातल्यापेक्षा स्वस्त साडी कधीच नव्हती, तरी बायका माझ्याकडून घ्यायच्या.

तू म्हणालास, 'आई, तुझा काळ वेगळा होता.' होता. मला दार उघडायच्या आधी आतल्या भांड्यांचा आवाज यायचा, माणूस कोणत्या मनःस्थितीत आहे ते कळायचं. तुला नुसती रिंग ऐकू येते. ते जास्त अवघड आहे, हे मला रविवारी कळायला हवं होतं. सकाळी चहा झाल्यावर, पहिला फोन मला लाव वाटलं तर. दोन मिनिटं. मी 'नाही' म्हणणार नाही, आणि बोट एकदा चाललं की दुसरा नंबर सोपा जातो. कालनिर्णय घ्यायला बाहेर पडेन तेव्हा २०२६ चं एक तुझ्यासाठीही घेते, स्वयंपाकघरात लाव. पेन्सिल दोऱ्याने बांध, नाहीतर चिनू नेईल.

ती तार मी टाकून दिलेली नाही. माळ्यावर आहे. तुला द्यायचीही नाही मला.

आपल्या वाड्यातल्या देवधरकाकूंच्या लेकीला घरघंटी हवी आहे, ती कर्वेनगरला असते. भाऊबीज २३ ला, शनिवार-रविवार त्यांच्याकडे पाहुणे. सोमवारी २७ ला सकाळी साडेदहाला फोन कर, त्या वेळी ती मोकळी असते. स्वयंपाकघरातली जागा आधी मोजायला सांग, तिचा ओटा लहान आहे. नंबर मागे लिहिलाय. मी माझ्याकडेही २७ वर 'दे' लिहून ठेवलंय.

शनिवारी येत असलास तर चिवड्याचा स्टीलचा डबा आण, मला दिवाळीला लागेल. नाही जमलं तर तसं कळव.

स्वातीला आशीर्वाद, चिनूला पापा.

तुझी,
आई