फ्री कोण करणार?

सोनू,

फोनवर वैतागून म्हणालीस ना की जावात ऑब्जेक्ट बनवला की विसरून जायचं, सी मध्ये घेतलेली मेमरी स्वतः फ्री करायची, म्हणजे परत द्यायची, हे काय झंझट आहे. अगं तिथे न लागणारी मेमरी मागून आवरायला गार्बेज कलेक्टर असतो. आणि ती काही जावाची आयडिया नाही बरं का, जॉन मॅकार्थीने लिस्प या भाषेसाठी १९६० च्या आसपासच काढलेली, सी त्यानंतर आली तरी तिच्यात ते नाही.

तुला वाटतंय फ्री लिहायला विसरणं हाच मोठा घोळ. तसं नाहीये. विसरलीस तर लीक होईल, म्हणजे मेमरी नुसती अडकून राहील, सर्व्हरवर ते महागात पडतं, पण छोटं टूल असेल तर प्रोसेस संपली की ऑपरेटिंग सिस्टीम सगळं परत घेतेच. खरा ताप उलटा आहे, फ्री केलेल्या जागेला परत हात लावणं. टेस्टिंगमध्ये बिनबोभाट चालतं कारण जुना डेटा बरेचदा तिथेच पडून असतो, मग कधीतरी ती जागा दुसऱ्याला मिळते आणि क्रॅश भलत्याच फंक्शनमध्ये, शोधत बसा.

म्हणून पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, दिसला की आधी विचार, हा कुणाचा? स्ट्रडप (स्ट्रिंगची कॉपी देणारं फंक्शन) आणि गेटएन्व्ह (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत देणारं) बघ, दोन्हीकडून कॅरेक्टर पॉइंटरच येतो, टाइप सेम टु सेम, पण स्ट्रडपचा तू फ्री करायचा आणि गेटएन्व्हच्याला हात लावायचा नाही. कंपायलर चकार शब्द काढत नाही, मॅन पेज, म्हणजे फंक्शनचं माहितीपान, वाचावंच लागतं. तुझ्या फंक्शनवर पण कमेंट टाक, कॉलरने, म्हणजे ते फंक्शन बोलावणाऱ्याने, फ्री करायचंय की नाही.

रिअ‍ॅलॉकचं, म्हणजे ब्लॉकचा आकार बदलणाऱ्या फंक्शनचं, उत्तर परत त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नकोस. जागा नाही मिळाली तर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, येतो, जुना ब्लॉक तसाच राहतो आणि त्याचा पत्ता तूच पुसलेला असतोस. आधी टेम्प नावाच्या वेगळ्या पॉइंटरमध्ये घे.

मध्येच एरर आली तर गोटो वापरून थेट उडी मारून खाली क्लीनअपला, म्हणजे सगळं फ्री करतेस त्या भागात, जा. कॉलेजात गोटो म्हणजे पाप असं शिकवतात, पण लिनक्स कर्नलमध्ये हे सर्रास आहे. सुरुवातीला सगळे पॉइंटर नल ठेव, नलवर फ्री चालतो, म्हणजे शेवटी डोळे झाकून सगळे फ्री करता येतात.

आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या अशा चुका पकडणारं टूल, आजच चालू कर, डिबग बिल्डमध्ये. फ्री केलेल्या जागेला हात लागला की तो तीन स्टॅक, म्हणजे कुठून कुठलं फंक्शन बोलावलं त्याच्या याद्या, देतो, कुठे वापरलं, कुठे फ्री केलं, कुठे घेतलं. आधी मधला वाच, गोची बहुतेक तिथेच सापडते. नाहीच सापडली तर लॉग मला पाठव, स्क्रीनशॉट नको, टेक्स्ट पाठव.

आई