अंकल, तुम्ही आधी खोट दाखवलीत

प्रिय अंकल,

सादर नमस्कार. चष्म्याचा त्रास असेल तर हे पत्र सूनबाईंकडून वाचून घ्या. नळी पुढेमागे सरकवून फुंकायचं तुमचं ते पितळी वाद्य, तो बास ट्रॉम्बोन, माझ्या लेकाला दिलात म्हणून फोनवर घाईत 'थँक यू' म्हटलं, पण तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही चांगलेच पोळलो होतो. 'जुना, इंपोर्टेड बास ट्रॉम्बोन' म्हणून एका दुकानदाराने जो गळ्यात मारला, तो निघाला एफ व्हॉल्व्हवाला टेनर, म्हणजे जादा नळी उघडणारी कळ असलेला, पण बासपेक्षा लहान ट्रॉम्बोन. लेकाने टेप लावून बेल, म्हणजे पुढचं कर्ण्यासारखं तोंड, मोजली, तर साडेआठ इंच. बासची साडेनऊच्या आसपास असते, स्लाइडची, म्हणजे सरकत्या भागाची, नळीही जास्त रुंद. हे सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, "व्हॉल्व्ह आहे ना, मग बासच." वर, "पोराला काय कळतंय त्यातलं?" पैसे कापून परत दिले, त्याचं एवढं वाटलं नाही. पण ते वाक्य पोराच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर कित्येक दिवस त्याने वाद्याला हात लावला नाही.

आणि मग तुमचं माहीमचं घर. तुम्ही पेटी उघडलीत, आत कॉन कंपनीचा ७२एच बास ट्रॉम्बोन. बेलवर एल्कहार्टचं नाव, अमेरिकेतल्या कॉनच्या जुन्या कारखान्याच्या गावाचं. १९६९ मध्ये कंपनी विकली गेली आणि कारखाना पुढे टेक्सासला गेला, म्हणून एल्कहार्टच्या जुन्या वाद्यांना जाणकार जास्त पैसे मोजतात, हे लेकाने मला वाटेतच सांगितलं होतं. त्या नावावर तुम्ही किंमत चढवू शकला असतात. तुम्ही किमतीचा विषयच काढला नाहीत. बाहेरची स्लाइड उतरवलीत, माझ्या मुलाचं बोट धरलंत आणि आतल्या नळीच्या टोकाशी फिरवलंत. "इथे मुलामा गेलाय. लागतं हाताला? हे आधी बघ, मग वाजव."

अंकल, माझं मन तिथेच अडकलंय. ही खोट तुम्ही मला नाही, त्याला दाखवलीत. एका वादकाने दुसऱ्या वादकाला दाखवावी तशी. पोराच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं ते मी आई म्हणून पाहिलंय.

पुढेही तुम्ही काही राखून ठेवलं नाहीत. एकाच व्हॉल्व्हवर खालचा बी सूर धड लागत नाही, त्यासाठी व्हॉल्व्हची एफ सुराची नळी लांब ओढून ई सुराची करावी लागते, मोठ्या ऑर्केस्ट्रात जायचं तर पुढेमागे दोन व्हॉल्व्हचा लागेल, हे सगळं विकणाऱ्याने स्वतःहून सांगायचं! गिऱ्हाईक उठून गेलं असतं तर?

गोव्याहून आलेल्या तुमच्या पिढीने हिंदी सिनेमाचं संगीत अंगावर पेललं. बहुतेकांची नावं पडद्यावर कधी आलीच नाहीत. तरी कामात कसूर नाही आणि व्यवहारात लबाडी नाही. अशी माणसं भेटली की मुलांना सचोटी वेगळी शिकवावी लागत नाही.

आता तो रोज संध्याकाळी लांब सूर धरून बसतो. शेजारच्या काकूंनी तक्रार केली नाही, उलट विचारायला आल्या की हा एवढा खर्जातला आवाज कशाचा. स्लाइड तुम्ही सांगितलीत तशीच पुसून ठेवतो, मला हात लावू देत नाही.

वर्षातून एकदा दाखवायला आण, म्हणाला होतात. दिवाळी झाली की त्याला घेऊन येते.

तुमची,
ठाण्याची ताई